पडद्यावरील खडाखडी

दिवाळीच्या सुटींत कळवणास आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. माझा पुतण्या पडद्यासमोर बसून द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ खेळ खेळत होता. समोर दोन चित्रमय योद्धे, हातांत कळांचा ठोकळा, आणि प्रतिस्पर्धी कोठें तरी दुसऱ्या शहरांत, न दिसणारा. ओळीनें सहा डाव मुलगा हरला. माझे वडील तरुणपणीं यात्रेच्या फडांत कुस्त्या खेळलेले. ते मागें आरामखुर्चींत बसून पाहत होते. खेळाचें नांवसुद्धां त्यांना ठाऊक नव्हतें. सहाव्या हारीनंतर ते म्हणाले, "बाळ, मार बसला कीं तूं लगेच उडी घेतोस. त्यानें तें ओळखलें आहे. तो तुझ्या उडीची वाटच पाहत असतो."

हा खेळ म्हणजे नुसती बोटांची चपळाई, अशी सुशिक्षित घरांतून समजूत आहे. मीही त्याच समजुतीचा होतों. परंतु थोडा हिशेब केला म्हणजे ती टिकत नाहीं. या खेळांत पडद्यावर दर सेकंदास ६० चित्रें उमटतात. मनुष्यानें एखादी गोष्ट पाहून बोट हलवावयाचें म्हटलें, तर सेकंदाचा पांचवा ते चौथा हिस्सा लागतो. म्हणजे १२ ते १५ चित्रें. 'स्ट्रीट फायटर'सारख्या खेळांतील जलद ठोसा तर चार-पांच चित्रांतच येऊन आदळतो. तो पाहून चुकविणें मानवी देहास शक्य नाहीं. जो वांचतो तो पाहण्याच्या आधीं ओळखतो म्हणून वांचतो.

ओळखावयाचें तें काय? मूळ कोडें मुलांच्या दगड-कागद-कात्रीइतकें सोपें आहे. ठोसा बचावानें अडतो; बचाव करून उभा राहिलेल्यास पकडून आपटतां येतें; आणि पकडावयास जवळ येणारा ठोसा खातो. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें १९२८ सालीं अशा दोघांच्या खेळांचें गणित मांडलें. येथें त्याचा अर्थ असा कीं, आपल्या चालींत प्रतिस्पर्ध्यास कांहींच क्रम सांपडूं नये. पण मनुष्याचें मन फाशासारखें निर्विकार नसतें. भ्यालेला बचावांत दडतो, चिडलेला झेप घेतो, नुकताच यशस्वी झालेला तोच डाव पुन्हां टाकतो. हें मन वाचण्याच्या कलेस जपानी खेळाडू 'योमी' म्हणतात. आपल्या तालमींतील खडाखडी तरी दुसरें काय आहे? हातास हात भिडवून, मान दाबून, पैलवान समोरच्याचा अंदाजच घेत असतो. जानेवारी २०२० मध्यें पुण्यास महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती नाशिकतर्फें उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यांत झाली. दोघेही काका पवार यांचेच शिष्य. एकाचा स्वभाव दुसऱ्यास पुरता ठाऊक. ती कुस्ती ३–२ अशी निसटत्या गुणांनीं सुटली.

पाठांतर मात्र अफाट लागतें. 'स्ट्रीट फायटर'ची पांचवी आवृत्ति २०१६ सालीं आली तेव्हां तींत १६ योद्धे होते; पुढें ते चाळिसांवर गेले. प्रत्येकाचे डाव, त्यांस लागणारीं चित्रें आणि त्यांची तोड हीं सारीं अंगीं मुरावीं लागतात. तीं मुरलीं म्हणजेच मन समोरच्याकडे लावावयास मोकळें होतें.

याचें प्रसिद्ध उदाहरण २००४ सालचें. कॅलिफोर्नियांतील 'इव्हो' स्पर्धेंत दाइगो उमेहारा हा जपानी खेळाडू जस्टिन वाँग या अमेरिकन प्रतिस्पर्ध्यापुढें हरण्याच्या बेतांत आला होता. त्याच्या योद्ध्याची शक्ति इतकी क्षीण उरली होती कीं, वाँगचा मोठा हल्ला साध्या बचावानें अडविला असता तरी तो संपला असता. वाँगनें १५ आघातांची मालिका सोडली. दाइगोनें नेमक्या क्षणीं कळ दाबून एकूणएक आघात परतविला आणि लगेच उलट वार करून तो सामना जिंकला. पहिला आघात पाहून परतविण्याइतका अवधि तेथें नसतोच. तो येणार हें त्यानें आधींच ताडलें होतें. (त्या खेळाचें अजिंक्यपद मात्र त्यास मिळालें नाहीं.)

हें बळ तारुण्याबरोबर लगेच ओसरत नाहीं, असें दिसतें. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ पदकासाठीं होता. भारतातर्फें मयंक प्रजापती आणि अयन विश्वास उतरले. त्यांस पदक लाभलें नाहीं. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानें ४–३ अशा अटीतटीच्या सामन्यांत मिळविलें. त्याचें वय तेव्हां ४४ होतें.

या खेळांपायीं अभ्यास बुडतो ही आईबापांची तक्रार खोटी नाहीं. पण तो निराळ्या भाषणाचा विषय होईल. मला त्या दिवशीं जाणवलें तें एवढेंच कीं, सहा वेळां हरलेल्या मुलास शत्रूचा डाव कळत नव्हता असें नाहीं. तो स्वतःच म्हणाला, "काका, तो वर ठोसा मारणार हें मला कळत होतें. पण राग आला कीं बोट आपोआप उडीवर जातें."

सातव्या डावांत पुन्हां मार बसला. अंगठा थरथरला, पण उडी पडली नाहीं. आणि प्रतिस्पर्ध्याचा वर उगारलेला ठोसा रिकाम्या हवेंत गेला. तो डाव मुलगा तरीही हरलाच. मात्र आठवा सुरू करण्यापूर्वीं तो उठला आणि आजोबांची आरामखुर्ची त्यानें ओढून आपल्या शेजारीं आणली.