करंटलाही रिटर्न तिकीट लागतं, बॉस!

शुक्रवारची रात्र, कल्याण-शीळ रोड. तुमच्या पुढे एक म्हातारी कार चाललीय. ब्रेक लागला की तिचा उजवा दिवा पेटतो, डावा ढिम्म. डावा इंडिकेटर दिला की टेल लॅम्पच त्याच्या तालावर उघडमीट करायला लागतो. तुम्ही हसता, हॉर्न मारता, ओव्हरटेक करून निघून जाता. पण तिच्या मागून येणाऱ्या ट्रेलरवाल्याला हा विनोद कळेलच असं नाही. त्याला ब्रेकचा दिवा दिसला नाही, तर पुढचं सांगायची गरज नाही.

जुन्या गाडीचं इंजिन बिघडलं की ती बंद पडते आणि आपल्याला झक मारत गॅरेज गाठावं लागतं. दिव्यांचं तसं नसतं. दिवे बिघडले तरी गाडी चालत राहते. म्हणूनच ते काम ‘बघू पुढच्या वीकेण्डला’ करत महिनोन्महिने लांबतं.

आमच्याकडेही हेच चाललं होतं. बाबांची २००४ सालची छोटी पेट्रोल कार, नंबर एमएच ०५. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं. २०२४ मध्ये दुसऱ्यांदा वेळ आली. एप्रिल २०२२ मध्ये कारची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. शिवाय तपासणीत हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न सगळं चालू हवं. आणि आमच्या गाडीचे मागचे दिवे म्हणजे निव्वळ ऑर्केस्ट्रा! एका गॅरेजनं सांगितलं, सगळं वायरिंग बदला, अठरा हजार. गाडीची किंमत तरी तेवढी राहिली होती का? बाबांनी भंगारवाल्याकडे चौकशीही करून ठेवली. रिटायरमेंटनंतर ती गाडी म्हणजे त्यांचे पाय आहेत. त्यामुळे त्या आठवड्यात घरात कोणी फारसं बोलत नव्हतं.

वीस मिनिटांचा खेळ

भंगाराआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही डोंबिवली पूर्वेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांकडे गेलो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. होता तो टेस्ट लॅम्प, म्हणजे बारा व्होल्टचा एक बल्ब, दोन वायरी, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप आणि दुसऱ्याला टोकदार सळई.

त्यांनी क्लिप बॅटरीच्या मायनसला लावली आणि टोक डाव्या दिव्याच्या होल्डरमधल्या पॉइंटवर टेकवलं. बाबांनी ब्रेक दाबला. टेस्ट लॅम्प झक्क पेटला. म्हणजे करंट तिथपर्यंत येत होता. बल्ब काढून बघितला, फिलामेंट शाबूत. मग काकांनी एक साधी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या पत्र्याला. डावा ब्रेक लाइट लख्ख पेटला!

फंडा सोपा आहे. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, फ्यूज, स्विच, बल्ब असा प्रवास करतो आणि गाडीच्या पत्र्यातून परत मायनसला येतो. या परतीच्या वाटेला म्हणतात अर्थिंग. रोज डोंबिवली ते सीएसएमटी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको, नुसतं जायचं तिकीट असून भागत नाही. परतीची वाट बंद असेल तर करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून चोरवाटेनं परततो. म्हणून ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो आणि इंडिकेटरबरोबर टेल लॅम्प नाचतो.

डिकीच्या कोपऱ्यात, कार्पेटखाली, एक काळी वायर बोल्टनं पत्र्याला कसलेली होती. बोल्ट गंजून लाल झाला होता. सँडपेपरनं घासून चकचकीत केला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. खर्च दीडशे रुपये. अठरा हजारांचं वायरिंग जिथल्या तिथे राहिलं.

आपल्याकडेच का?

कारण आपल्याकडचा पाऊस. ठाणे-कल्याण पट्ट्यात चार महिने हवेत ओल असते. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूर भागात पाणी शिरलं होतं, हे तुमच्या घरात कोणी ना कोणी सांगेलच. गाडीत पाणी शिरलं की सीट वाळतात, पण कनेक्टरमधल्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि बिघाड कधी कधी कितीतरी महिन्यांनी उगवतो. त्यात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधले उंदीर! वायरीचं प्लॅस्टिक कुरतडणं हा त्यांचा आवडता टाइमपास.

लक्षणं ओळखा

- इंडिकेटरची टिकटिक अचानक फास्ट झाली: बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. आधी बल्ब बघा, मग फ्लॅशरच्या मागे लागा.
- एका बाजूचे सगळे दिवे मंद किंवा विचित्र: अर्थिंगवर संशय घ्या. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याला लावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर परतीची वाट खराब आहे.
- दोन्ही हेडलाइट पिवळट: व्होल्टेज वाटेत गळतंय. बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. अशा वेळी १००/९० वॉटचे बल्ब टाकायचा मोह होतो. नको! नेहमीचा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. जास्त वॉट म्हणजे जास्त करंट, आणि जुना स्विच, होल्डर वितळायला लागतो. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून घ्या, बॅटरीचा करंट थेट बल्बला मिळतो.
- तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: कुठेतरी वायर पत्र्याला टेकतेय. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलीत, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.
- सकाळी बॅटरी डाऊन: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा आकडा १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू असतानाही १२ च्याच घरात असेल तर चार्जिंग होत नाहीये. आकडे ठीक असूनही बॅटरी उतरते? मग एक तर बॅटरी म्हातारी झालीय, नाहीतर रात्री काहीतरी गुपचूप करंट खातंय. डिकीतला दिवा आणि बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम हे पहिले संशयित.

कंपनी गेली, बारा व्होल्ट राहिले

‘जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत’ ही तक्रार आपल्या पट्ट्याला नवी नाही. प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात १९९४ पासून प्युजो ३०९ तयार व्हायची. १९९७ मध्ये प्युजोनं काढता पाय घेतला आणि गाड्या घेतलेली मंडळी अधांतरी लटकली. त्याच प्रीमियरच्या पद्मिनीची गोष्ट मात्र बघा. कंपनीनं ती बनवणं थांबवल्यावरही काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत धावत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं निरोप घेतला.

कंपनी गेली की काच, बंपर, गिअरबॉक्सचे पार्ट दुर्मीळ होतात. पण फ्यूज, रिले, वायर आणि बहुतेक बल्ब एका कंपनीचे गुलाम नसतात. जुन्या गाडीचा हा एक भाग तुम्ही कायम जिवंत ठेवू शकता.

अर्थात हीरोगिरी नको. कामाआधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा, फक्त टेस्टिंगपुरता जोडा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला तर तो लवकर जातो. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी किंवा इंजिन कंट्रोलच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही म्हणजे नाही, ते काम वर्कशॉपचं. गॅरेजनं ‘सगळं वायरिंग बदला’ म्हटलं तर एवढंच विचारा, करंट नेमका कुठपर्यंत येतोय आणि कुठून परत जात नाहीये? याचं उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच ठेवा.

आमची गाडी तपासणीत पास झाली. रजिस्ट्रेशन आता २०२९ पर्यंत आहे आणि बाबांनी भंगारवाल्याचा नंबर डिलीट केलाय.

आता तुमची पाळी. आज रात्री गाडी सोसायटीच्या भिंतीकडे पाठ करून लावा, इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर दोन लाल डाग दिसले पाहिजेत. एकच दिसला, तर पुढचा वीकेण्ड कशात घालवायचा ते ठरलं!