चुंबकाचं सिम्युलेशन: लाख कोटींचं काम दोन कोटींत

हार्ड डिस्कमधला एक बिट उलटतो, तेव्हा आत काय होतं?

चुंबकातला स्पिन म्हणजे छोटा भोवरा समजा. चुंबकीय क्षेत्रात तो डुलतो, १ टेस्लाला सेकंदाला साधारण २८ अब्ज वेळा, आणि हळूहळू क्षेत्राच्या दिशेला स्थिरावतो. लांदाउ आणि लिफ्शित्झ यांनी १९३५ साली हे समीकरणात बसवलं.

समीकरण छोटंच आहे. मग अडतं कुठे? पदार्थाचे आपण काही नॅनोमीटरचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा परिणाम बाकी सगळ्यांवर होतो. १० लाख तुकडे, म्हणजे १ लाख कोटी हिशेब. तेही प्रत्येक टाइम-स्टेपला!

तुकडे मोठे केले तर? परमॅलॉयमध्ये साधारण ५ नॅनोमीटरच्या पुढे गेलात, की प्रोग्रॅम मस्त पळतो, पण उत्तर चुकू शकतं आणि एररही येत नाही. मी कोडवाला माणूस, मला याचीच जास्त भीती वाटते.

खरी गंमत पुढे आहे. दोन तुकड्यांचा एकमेकांवरचा परिणाम फक्त त्यांच्यातल्या अंतरावर आणि दिशेवर ठरतो. मग तो तक्ता एकदाच काढून ठेवायचा आणि बेरीज एफएफटीने करायची. काम साधारण २ कोटींच्या घरात येतं.

बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात तयार झालेला मूमॅक्स३ हेच जीपीयूवर करतो. तो मोफत आहे, ओपन सोर्स आहे. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल तर चालवून बघा. मग तुकड्याचा आकार अर्धा करा आणि परत चालवा. उत्तर बदललं, तर पहिल्यावर विश्वास ठेवू नका.