विश्लेषण : विहिरीकाठचे मूल आणि नीतीचा पाया

मुरबाड तालुक्यातील धसई असो वा शहापूरचा एखादा पाडा, विहिरीकडे रांगत निघालेले मूल दिसले की पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतेच. ते कोणाचे, कोणत्या जातीचे, हे त्या क्षणी सुचतही नाही. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी चिनी विचारवंत मेन्शियस याने हाच दाखला दिला होता. त्यातून आजही एक प्रश्न उरतो : नीती भावनेतून उगवत असेल, तर ती ज्याची त्याची वेगळी असते का?

मेन्शियसचे म्हणणे काय?

मेन्शियस हा कन्फ्यूशियसच्या (इ.स.पूर्व ५५१-४७९) परंपरेतला. मुलासाठी कळवळणारा माणूस त्याच्या आईबापांची मर्जी किंवा गावात वाहवा मिळावी म्हणून कळवळत नाही, असे तो सांगतो. करुणा, लाज, विनय आणि बऱ्यावाईटाची जाण हे चार कोंब प्रत्येकात असतात. त्यांतून माणुसकी, न्यायबुद्धी, रीतभात आणि शहाणपण वाढते.

मग नीती ही आवडीनिवडीची बाब?

नाही. भाताचा कोंब कसा वाढावा, हे शेतकऱ्याच्या मर्जीवर ठरत नाही. मात्र पाणी आणि राखण न मिळाल्यास तो करपतो. माणसाच्या मनाचेही तसेच. 'मला काही वाटत नाही' असे कोणी म्हटल्याने नीती बदलत नाही. त्याचा कोंब करपला, एवढेच कळते.

आक्षेप कोणते?

मेन्शियसच्या आधीच्या मोझीला भावनेचा भरवसा नव्हता. सुताराच्या गुण्यासारखे बाहेरचे माप हवे आणि आपला-परका न पाहता सर्वांवर सारखे प्रेम करावे, हे त्याचे मत. नंतरचा शुन्झ कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला. पण माणूस मुळात स्वार्थाकडे झुकतो, वाकडे लाकूड सरळ करावे तसे त्याला वळण लावावे लागते, असे तो म्हणे.

भावना अपुरी पडली तर?

ची राज्याच्या श्वेन राजाने बळीसाठी नेला जाणारा थरथरता बैल पाहून त्याला सोडवले आणि बदली मेंढा आणायला सांगितले. बैल डोळ्यांसमोर होता, मेंढा नव्हता. मेन्शियसचा राजाला सवाल असा : ही दया बैलापर्यंत पोहोचते, तर प्रजेपर्यंत का नाही? दया मनात आहेच. ती न दिसणाऱ्यांपर्यंत नेणे हे खरे काम.

आपल्याशी संबंध काय?

मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरात नळ सोडणाऱ्याला डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई दिसत नाही, राजाला मेंढा दिसला नव्हता तशीच. मेन्शियसच्या कसोटीवर 'दिसले नाही' ही सबब चालत नाही.