पेंटबॉल मार्करमधील वायुगळती

पेंटबॉल मार्करमधील वायुगळती म्हणजे पेंटबॉल या खेळात रंगगोळ्या डागणाऱ्या उपकरणातून दाबाखालील वायू नको त्या मार्गाने बाहेर पडणे होय. झिजलेली ओ-रिंग, झडपेत अडकलेला कचरा आणि ढिले झालेले जोड ही तिची प्रमुख कारणे आहेत. बहुतेक गळत्या एखादे लहानसे रबरी कडे बदलल्याने थांबतात. मात्र टाकी आणि तिच्या तोंडावरील झडप यांच्या जोडातील गळती प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे वायू नेमका कोठून बाहेर येत आहे हे ओळखणे, हा दुरुस्तीचा पहिला टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

तोडायची झाडे आणि कळपातील गुरे यांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी हे उपकरण अमेरिकेत वापरले जाई. त्यावरून त्याला ‘मार्कर’ हे नाव मिळाले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे पेंटबॉलचा पहिला सामना खेळला गेला. त्यात वापरलेल्या नेलस्पॉट ००७ या मार्करला १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची लहान कुपी लागत असे. पुढे पुन्हा भरता येणाऱ्या टाक्या प्रचारात आल्या.

टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २१ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचा बाष्पदाब सुमारे ८५० पीएसआय, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ ५८ पट असतो. संपीडित हवेच्या टाक्या ३,००० किंवा ४,५०० पीएसआयपर्यंत भरल्या जातात आणि टाकीवरील दाबनियंत्रक हा दाब बराच कमी करून हवा मार्करला पुरवतो. एवढा दाब केसाएवढ्या फटीतूनही वाट काढतो.

वायूचा मार्ग

टिपमन ९८ कस्टम या यांत्रिक मार्करची रचना उदाहरणादाखल पाहता येते. टाकी मुठीच्या तळाशी असलेल्या आट्यांच्या जोडात बसते. तेथून वायू एका नळीने मुख्य झडपेपर्यंत पोहोचतो. झडपेतील ‘कप सील’ स्प्रिंगच्या आणि वायूच्या दाबाने बैठकीवर घट्ट बसलेले असते. चाप ओढल्यावर मागचा बोल्ट पुढे येऊन झडपेच्या दांड्यावर आदळतो व झडप क्षणभर उघडते. वायूचा एक भाग रंगगोळीला बॅरलमधून पुढे ढकलतो, तर दुसरा भाग मागच्या बोल्टला मागे रेटून पुढील गोळीसाठी सज्ज करतो.

या मार्गावरील अनेक जोड ओ-रिंगने बंद केलेले असतात. खाचेत बसवलेली ओ-रिंग वायूच्या दाबानेच फटीकडे दाबली जाते आणि दाब वाढला की अधिक घट्ट बसते. म्हणूनच कडक झालेली ओ-रिंग कधी कधी पूर्ण दाबाला ठीक काम करते, पण टाकी रिकामी होत आली की गळू लागते.

लक्षणे आणि कारणे

टाकीचा जोड: टाकी बसवताच फुसफुस सुरू होणे आणि टाकी काढल्यावर ती थांबणे, हे टाकीच्या तोंडावरील ओ-रिंग फाटल्याचे लक्षण असते. दाब असताना टाकी काढल्यास निसटणारा वायू ही ओ-रिंग जागेवरून उडवतो. टाकी काढल्यावरही आवाज चालू राहिला, तर दोष टाकीच्या झडपेतच असतो.

बॅरल: बॅरलमधून सतत वायू येत असल्यास बहुधा कप सील झिजलेले असते किंवा त्याखाली कचरा अडकलेला असतो. तथापि मार्कर सज्ज न करता टाकी बसवली, तर मागचा बोल्ट दांड्यावर टेकून झडप उघडी ठेवतो आणि निर्दोष मार्करही बॅरलमधून गळतो. म्हणून झडप खोलण्यापूर्वी मार्कर सज्ज करून पाहिला जातो.

कवचाच्या फटी: येथून वायू येत असल्यास पुरवठा नळीचा झडपेशी असलेला जोड तपासला जातो. वायू सर्वांत सोप्या वाटेने बाहेर पडत असल्याने निर्गमाची जागा आणि दोषाची जागा एकच असेल असे नाही.

केवळ डागताना होणारी गळती: मागच्या बोल्टवरील ओ-रिंग झिजल्यास स्थिर अवस्थेत आवाज येत नाही, मार्कर आपोआप सज्ज होईनासा होतो.

तपासणी व दुरुस्ती

तपासणीपूर्वी रंगगोळ्या काढून बॅरलवर आवरण चढवले जाते आणि डोळ्यांवर संरक्षक मुखवटा ठेवला जातो. संशयित जोडांवर साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. फट बोटाने चाचपणे धोक्याचे असते. निसटणारा कार्बन डायऑक्साइड अतिशीत असल्याने त्वचेला हिमदाह होऊ शकतो.

मार्कर उघडण्यापूर्वी टाकी काढून आतील उरलेला वायू सुरक्षित दिशेने डागून संपवावा लागतो. नवी ओ-रिंग त्याच मापाची असावी लागते. नायट्राइल रबर कार्बन डायऑक्साइड शोषून फुगते; त्यामुळे टाकीच्या तोंडाशी पॉलियुरेथेनची ओ-रिंग अधिक टिकते. कप सीलची किरकोळ गळती जोडात मार्करच्या तेलाचे काही थेंब सोडून काही वेळा डागल्यावर थांबू शकते. मात्र संपीडित हवेच्या टाकीच्या भरण-तोंडाला तेल किंवा ग्रीस लावत नाहीत, कारण उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते.

धोके

टाकी आणि तिची झडप हे आट्यांनी जोडलेले दोन वेगळे भाग असतात. मार्करमधून टाकी काढताना झडप मार्करमध्येच अडकून केवळ टाकी फिरू लागली, तर हा जोड उलगडत जातो. तो पूर्ण सुटल्यास टाकी क्षेपणास्त्रासारखी उडते. अशा अपघातांत अमेरिकेत मृत्यू झाले आहेत. खबरदारी म्हणून झडप व टाकी या दोन्हींवरून जाणारी एक रेघ नेलपॉलिशने ओढली जाते. रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसल्यास टाकी फिरवणे तत्काळ थांबवून ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे सोपवली जाते.

टाकीवरील सुरक्षा-चकती दाब प्रमाणाबाहेर गेल्यास स्वतः फुटून वायू मोकळा करते. उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलेल्या किंवा जास्त भरलेल्या टाकीत असे घडते. ही गळती दोष नसून संरक्षण असल्याने ते छिद्र बुजवले जात नाही, तर चकती बदलली जाते.