मृतांचा दिवस मरोळलाही असतो

आज २ नोव्हेंबर. 'कोको' हा चित्रपट पाहिलेल्या पिढीला मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाच्या या तारखेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मॉलमध्ये आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर कवटीसारखे रंगवलेले चेहरेही आता नवे राहिलेले नाहीत. मात्र आपल्या मुलांनी मेक्सिकोकडून नेमकी सर्वांत नवी गोष्ट उचलली आहे. मेक्सिको सिटीतली या दिवसाची, रंगवलेल्या चेहऱ्यांची ती भव्य मिरवणूक २०१६ साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'स्पेक्टर' या बाँडपटात ती आधी पडद्यावर दिसली आणि मग शहराने ती खरोखर काढली.

जुनं आणि मोलाचं आहे ते तिथल्या घरांत आणि शाळांत. ऑक्टोबर संपत आला की मुलं शाळेत 'ओफ्रेंदा', म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास, मांडतात. बाकांवर खोकी ठेवून पायऱ्या करतात, वर कापड आणि कातरलेला रंगीत कागद, गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, कोपालचा धूप, खास या दिवसासाठी भाजलेला पाव. पाण्याचा पेला हवाच, कारण लांबून आलेल्या माणसाला तहान लागलेली असते. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात तर १९९७पासून विद्यार्थी प्रचंड सामूहिक ओफ्रेंदा उभारतात. शिवाय 'कालावेरिता' नावाच्या गमतीच्या कविता असतात. वर्गशिक्षकांना न्यायला मृत्यू आलाय, अशी कल्पना करून मुलं त्या लिहितात आणि शिक्षकही हसत ऐकतात.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी: फोटोखाली पणजीचं नाव लिहायचं, तर ते आधी घरात विचारावं लागतं. तिच्या आवडीचा पदार्थ मांडायचा, तर तिला काय आवडायचं हे आजीकडून काढून घ्यावं लागतं. बारा वर्षांचं पोर असं विचारू लागलं की घराचा इतिहास आपोआप पुढच्या पिढीच्या हातात जातो.

आपल्याकडेही हे सगळं आहे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही, तेव्हा जमलेली माणसं एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, "काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही करू." गेलेल्या माणसाच्या मनात काय अडकलं होतं, ते चारचौघांत मोठ्याने बोललं जातं. इतका खोल क्षण, पण त्या वेळी मुलं कुठे असतात? घाटावर त्यांना न्यायचं नसतं. पितृपक्षात गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं जातं, तेव्हा मुलगा शाळेत आणि मुलगी क्लासला. मुलुंड-घाटकोपरच्या घराघरांत आपण मरणाला मुलांपासून लपवून ठेवलंय, आणि ही चूक आहे.

मेक्सिको आपल्याला वाटतो तेवढा लांबही नाही. तिथे ज्या फुलाच्या पाकळ्या पसरून मृतांना दारापासून वाट दाखवतात, ते फूल म्हणजे आपला झेंडू. त्याचं मूळ मेक्सिकोतलंच. अनेक मराठी घरांत श्राद्धाच्या पानात लाल भोपळ्याची भाजी असते. हा भोपळाही मूळचा अमेरिका खंडातला, आणि मेक्सिकोत तो गुळात शिजवून ओफ्रेंदावर ठेवतात.

मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत तर तारीखही एकच, आणि तीसुद्धा चर्चच्या एकाच पंचांगातून आलेली. मेक्सिकोत ती स्पॅनिशांनी नेली आणि तिथल्या जुन्या मृतपूजेत मिसळली. साष्टीत, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांत, ती पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख त्यांच्या हाती गेला. अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात १५७९ सालच्या चर्चचे भग्नावशेष अजून उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती हलली आणि चर्च मरोळला गेलं. मरोळ, ऑर्लेम, आयसी कॉलनी, गोराई इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांसाठी आज 'ऑल सोल्स डे', म्हणजे मृतांचाच दिवस आहे. ही माणसं घरात पिढ्यान् पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आलीत. थडगी आधी धुऊन-पुसून घेतली जातात, फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, धर्मगुरू येऊन आशीर्वाद देतात. मुंबईत जागेची टंचाई मेल्यावरही सुटत नाही. काही वर्षांनी थडग्यातल्या अस्थी काढून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवाव्या लागतात आणि कोनाड्यावर नावाची संगमरवरी पाटी लागते. आजचं फूल मग त्या पाटीशी खोचायचं. सोबत मुलं असतात आणि ती पाट्या वाचतात.

मेक्सिकोवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गात ईस्ट इंडियन गावठाणातली एखादी मैत्रीण असेलच. आज संध्याकाळी तिच्या घरच्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्यासोबत दफनभूमीत जा, मोबाइल खिशात ठेवून. आणि पालकांनो, पुढच्या पितृपक्षात मुलांना एक दिवस क्लास बुडवू द्या. पान त्यांच्या हातून वाढून घ्या आणि ते कोणासाठी वाढलंय, हे त्यांना नावानिशी सांगा.