कुटासाठी भाजलेले दाणे

ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरांच्या कपाटातल्या काचेच्या बाटल्या मी आधीच्या खेपेला पाहिल्या होत्या. चिंचोका, सीताफळाची बी, पेनचं टोपण, आणि दाणे, दाणे, दाणे. सगळं लेकरांच्या श्वासनळीतून काढलेलं. त्या बाटल्या डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून परवानगी काढून पुन्हा गेले.

टेबलावर दीड वर्षाचा मुलगा होता. अकरा दिवस खोकत होता. बाहेर बाकावर त्याची आई.

"कुटासाठी दाणे भाजले होते. यानं मूठ भरली, ठसका लागला, तोंड काळंनिळं पडलं. मग आपोआप थांबलं, खेळाय लागला."

हे थांबणंच फसवतं. दाणा खाली सरकून बहुतेकदा उजव्या नळीत बसतो. ती डावीपेक्षा रुंद आणि सरळ. एक्स-रेत तो दिसत नाही. ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं नळी सुजते. अकरा दिवसांत दोन दवाखाने झाले, औषधाच्या तीन बाटल्या संपल्या. खाताना ठसका लागला होता का, हे एकानंही विचारलं नाही. आईला तर सगळं ठाऊक होतं!

भूल दिली. स्वरयंत्रातून धातूची ताठ नळी आत गेली. गुस्टाव किलियन यांनी १८९७ साली जर्मनीत अशाच नळीतून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतलं हाड काढलं होतं. प्राणवायू याच नळीतून द्यायचा, चिमटाही यातूनच घालायचा. दाणा घट्ट धरला तर भुगा होतो, सैल धरला तर निसटतो.

निसटला. प्राणवायू मोजणाऱ्या मॉनिटरचा सूर खाली उतरू लागला.

"थांबा," भूलतज्ज्ञ म्हणाले. डॉक्टरबाईंनी चिमटा बाहेर घेतला. कुणी बोलेना. सूर हळूहळू चढला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

दुसऱ्या खेपेला ट्रेमध्ये अर्धा दाणा पडला. मास्कमधूनही कुजका वास आला. तो वास अजून नाकातून जात नाही.

"उरलेला अर्धा?" म्हणत बाई पुन्हा आत शिरल्या. डावी नळीही पाहिली. नव्हता.

बाहेर सिस्टर आईला समजावत होत्या: पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, घशात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, तान्ह्याचा आवाजच बंद झाला, तर डोकं खाली ठेवून पालथं धरायचं आणि पाठीवर पाच थापा. आईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्या दिवशीचं कूट अजून डब्यात आहे. टाकून देऊ?"

"कूट कशाला टाकता, ताई? बारीक कूट चालतं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांचा होईपर्यंत नको."