उंट मेले, उंट आले!

इ.स. 942. कोरियातल्या गोर्यो राज्याची राजधानी काएसाँग. उत्तरेच्या खितानांनी मैत्रीची भेट म्हणून 50 उंट धाडले होते. पण याच खितानांनी शेजारचं बाल्हे राज्य बुडवलेलं. तो राग गोर्योचा संस्थापक वांग गन विसरला नव्हता. त्याने 30 दूत एका बेटावर हद्दपार केले आणि उंट मानबू पुलाखाली बांधून उपाशी मारले. त्याच साली सॉ हुई जन्मला. पुढे खितानांच्या छावणीतून उंट घेऊन परतला तो हाच!

सॉ हुईच्या घराण्याची आख्यायिका गोड आहे. आजोबा सॉ शिनिल यांनी बाण लागलेलं हरीण शिकाऱ्यापासून लपवलं. रात्री स्वप्नात देव आला: ते माझं लेकरू, तुझ्या वंशात मंत्री निपजतील. हरणाचं काय ते असो. मुलगा सॉ पिल, नातू सॉ हुई, पणतू सॉ नुल, तिघेही दरबारात अगदी वरच्या पदाला पोचले.

अठराव्या वर्षी सॉ हुई राज्याची परीक्षा पास झाला. 972 मध्ये दूत म्हणून चीनच्या सोंग दरबारी गेला आणि तुटलेले संबंध जुळवून आला.

खरी कसोटी 993 ची. खितानांचा सेनापती श्याओ सुननिंग चालून आला. फौज 8 लाख, असा त्याचा दावा. गोर्योच्या दरबाराची गाळण उडाली. कुणी म्हणे शरण जा, कुणी म्हणे प्याँगयांगच्या उत्तरेचा मुलूख देऊन टाका. राजा सोंगजोंगने तर कोठारं लोकांना खुली केली आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उरलेला तांदूळ तेदोंग नदीत ओतायचा हुकूम दिला. सॉ हुई आडवा आला. धान्य आहे तोवर किल्ला लढवता येतो, मग ते पाण्यात का घालायचं? राजाने हुकूम मागे घेतला. तेवढ्यात आन्युंगच्या ठाण्यावर खितानांनी मार खाल्ला आणि ते पुढे सरकेनात.

बोलणी करायला सॉ हुई स्वतः निघाला. श्याओने निरोप पाठवला: मी मोठ्या राज्याचा, तू अंगणातून मुजरा कर. सॉ हुई म्हणाला, तो मान राजाचा; आपण दोघे दोन राज्यांचे मंत्री. आणि सरळ मुक्कामावर जाऊन आडवा झाला, उठेचना! अखेर श्याओच नमला. दोघं समोरासमोर, बरोबरीने बसले.

श्याओचा दावा असा की, जुन्या गोगुर्यो राज्याची जमीन आमची. सॉ हुईचं उत्तर इतिहासातलं होतं. आम्ही गोगुर्योचे वारस, म्हणून तर नाव गोर्यो. (‘कोरिया’ हा शब्द याच नावातून आला.) जुन्या हद्दी काढायच्या तर तुमची पूर्वेची राजधानीसुद्धा आमच्यात येते! मग त्याने नेमकी नस पकडली. खितानांना खरं हवं होतं ते गोर्योने सोंगांची साथ सोडणं. तो म्हणाला, तुमच्याकडे यायची वाट जुर्चेन टोळ्यांनी अडवलीय. त्यांना हाकलून तो मुलूख आम्हाला मिळाला, तर दूत का येणार नाहीत?

खितान राजी झाले. सॉ हुई 7 दिवस छावणीत राहिला आणि निघताना त्याला भेट मिळाली: 10 उंट, 100 घोडे, 1000 मेंढ्या आणि रेशमाचे 500 तागे.

किंमत मोजावी लागलीच. गोर्योने सोंगांशी नातं तोडलं, खितानांची कालगणना स्वीकारली. माझ्या मते सौदा तरीही फायद्याचा. 994 पासून सॉ हुईने स्वतः फौज घेऊन जुर्चेनांना हटवलं आणि यालू नदीच्या अलीकडे ठाणी बांधली. ती ‘नदीपूर्वेची सहा ठाणी’ म्हणून प्रसिद्ध झाली.

996 मध्ये तो आजारी पडला, तेव्हा राजा स्वतः भेटीला गेला आणि त्याच्यासाठी मठाला 1000 पोती धान्य दान दिलं. 998 मध्ये सॉ हुई वारला. आज सोलमध्ये, दक्षिण कोरियाचे मुत्सद्दी जिथे शिकतात त्या अकादमीत, त्याचा पुतळा आहे.

खितान पुढे पुन्हा चालून आले. 1019 मध्ये सेनापती कांग गाम-चानने त्यांची दाणादाण उडवली ती ग्विजूला, आणि ग्विजू हे त्या सहांपैकीच एक ठाणं.